वाडा पाडून 'ग्रीन' फ्लॅट बांधावेत का? (बडोदा, दांडिया बाजार)

चौकातलं_आकाश | १० मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. घरात एक निर्णय तोंडावर आलाय आणि तुमच्यात जाणकार बरेच आहेत.

आमचा वाडा दांडिया बाजारात, पणजोबा गायकवाडी सरकारात कारकून होते तेव्हाचा. तळमजला आणि वर दोन मजले, मधे चौक, चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं. भिंती दोन-दोन फूट जाड, विटा आणि चुन्याच्या. वर सागवानी तुळया आणि कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्यांचं छत). मागची बाजू मात्र १९७८ साली काकांनी वाढवलेली, सिमेंटची. तिचा स्लॅब आता गळतो, सळ्या उघड्या पडल्यात. राहायला आई-बाबा आणि आत्या (वय ७८). आम्ही अलकापुरीत फ्लॅटमध्ये.

हिस्से चार. चुलत भावांचं म्हणणं, पाडून टाकू. एक बिल्डर आलाय: पाच मजले, लिफ्ट, खाली पार्किंग, सगळं मिळून दहा हजार चौरस फूट बांधकाम. त्याच्या माहितीपत्रकावर हिरवं पान छापलंय. इमारतीला ग्रीन रेटिंग (पर्यावरणपूरक बांधकामाचं प्रमाणपत्र) घेणार, अगाशीवर १० किलोवॅट सोलर, सांडपाण्याचा पुनर्वापर.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ते पान वाचून मला खरंच आनंद झाला होता, सोलर तर मला कधीचं हवंय. पण बाबा कोयलीच्या रिफायनरीत १९७२ पासून निवृत्त होईपर्यंत होते. कागद बघून ते एवढंच म्हणाले, "वर सोलर बसवतील ते दिसेल. खाली जे सिमेंट ओततील ते कशावर भाजलंय ते विचार त्यांना."

तेव्हापासून झोप लागत नाहीये. पर्यावरणाचा विचार करायचा तर पाडून 'ग्रीन' बांधणं बरं, की आहे ते राखणं? भावनेचं उत्तर माझ्याकडे आहे. मला हिशेबाचं हवंय.

लोडबेअरिंग | १० मे, रात्री ११:१५

मी सिव्हिलवाला आहे, बडोद्यातच. ठोकताळ्याचा हिशेब देतो, दहा-वीस टक्के इकडेतिकडे धरा.

आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, बांधकामाला चौरस फुटाला साधारण ०.४ पोतं सिमेंट आणि ४ किलो सळई लागते. दहा हजार फुटांना ४,००० पोती, म्हणजे २०० टन सिमेंट, आणि ४० टन सळई. एक किलो सिमेंटमागे ६०० ते ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे सुमारे १३० टन. लोखंडाचा किलोला अडीच किलो धरा, ते १०० टन. विटा, टाइल्स, काच, अॅल्युमिनियम, ट्रकचं डिझेल धरलंच नाही, तरी २३० टन.

आता सोलर. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो. १० किलोवॅटचे वर्षाला १४,६०० युनिट. ग्रिडच्या, म्हणजे तारांवरून येणाऱ्या नेहमीच्या विजेच्या, एका युनिटमागे सध्या साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे सोलरमुळे वर्षाला दहा टन वाचेल.

२३० भागिले १०. फक्त सिमेंट आणि सळईचं फेडायला बावीस-तेवीस वर्षं, आणि पॅनेलची हमी असते २५ वर्षांची.

सोलर वाईट असं मी म्हणत नाहीये. सोलर उत्तमच. पण ते पॅनेल वाड्यावर बसवलं असतं तर हे कर्ज झालंच नसतं.

हिशेबी_माणूस | ११ मे, सकाळी ८:०५

लोडबेअरिंग, आकडे मान्य. पण तुलना अर्धी आहे. ही इमारत झाली नाही तर त्या फ्लॅटमध्ये येणारी माणसं हवेत राहणार आहेत का? ती वाघोडिया रोडला नाहीतर भायलीच्या पुढे घर घेतील. तिथेही तेवढंच सिमेंट, आणि वर रोज गावात यायला पेट्रोल. लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. गावाच्या मधोमध दाटीने राहणं पर्यावरणाला परवडतं, हेही खरं ना?

आणि 'जुन्या विटांत केवढी ऊर्जा गुंतलीय' असं कोणी म्हणण्याआधीच सांगतो: ती गेली. शंभर वर्षांपूर्वी जळलेलं लाकूड वाडा राखून परत येत नाही. पुढे काय जळणार तेवढंच मोजायचं.

चौकातलं_आकाश | ११ मे, दुपारी ४:३०

हिशेबी_माणूस, तुमचा मुद्दा वाचून मी दिवसभर विचार करत होते. मग सरळ चारही घरांना फोन लावला आणि विचारलं, नवीन फ्लॅटमध्ये राहायला कोण येणार?

थोरले दादा पुण्यात, त्यांचं घर आहे. धाकटा मकरपुऱ्याला, बंगला आहे, तो हलणार नाही. तिसरा अमेरिकेत. म्हणजे राहणार आई, बाबा आणि आत्या. बाकीचे फ्लॅट 'ठेवू, भाव वाढेल'. बिल्डरच्या वाट्याचे कोण घेईल ते माहीत नाही, पण आमच्या गल्लीत याआधी झालेल्या इमारतीत अर्ध्याहून जास्त खिडक्यांना रात्री उजेड नसतो. मी काल मुद्दाम जाऊन मोजलं. अठरापैकी सातच घरांत दिवा होता.

गरजेसाठी घर बांधलं तर तुमचा हिशेब पूर्ण पटतो. कुलपासाठी बांधलं तर पटत नाही.

हिशेबी_माणूस | ११ मे, संध्याकाळी ६:५०

हे असेल तर माझा आक्षेप मागे घेतो. बंद फ्लॅटसाठी ओतलेल्या सिमेंटचं समर्थन मला करता येणार नाही.

नव्याघरी | ११ मे, रात्री १०:२०

मी रावपुऱ्यातल्या वाड्यात बावीस वर्षं सून म्हणून काढली, म्हणून थोडं कडू बोलते. वाड्याचं कौतुक करणारे बहुतेक जण तिथे राहत नसतात. संडास चौकापलीकडे. पावसाळ्यात सासूबाईंना धरून न्यायचं, शेवटी त्या पडल्याच, खुब्याचं हाड मोडलं. जिना इतका उभा की सिलिंडर वर चढवणारा माणूस दर वेळी कुरकुर करायचा. वायरिंग कापडी वेष्टणाचं. वाळवी. दर दिवाळीआधी गिलाव्याचा पोपडा.

आकाश, तुझी आत्या ७८ वर्षांची आहे. कार्बन मोजायच्या आधी तिच्या खोलीपासून संडासापर्यंतची पावलं मोज. वाडा राखायचा असेल तर तिच्यासाठी राखा.

चौकातलं_आकाश | १२ मे, सकाळी ७:१०

ताई, मोजली. सव्वीस पावलं आणि दोन पायऱ्या. हे मी आजवर कधी मोजलं नव्हतं याचं मला वाईट वाटलं. मनापासून आभार.

चौकातलं_आकाश | १८ मे, दुपारी ३:००

आठवडाभर एक प्रयोग केला, शाळेतला थर्मामीटर घेऊन. दुपारी दोन वाजता, पंखे-एसी बंद.

गल्लीत, सावलीत: ४२. आमच्या अलकापुरीच्या फ्लॅटमध्ये, वरचा मजला: ३८. वाड्याच्या माजघरात: ३३. मागच्या १९७८ च्या खोलीत: ३९.

एकाच घरात, बारा पावलांच्या अंतरात सहा अंश. आत्या दुपारी माजघरातल्या लादीवर चटई टाकून झोपते. तिला एसी कशाला लागतो हेच कळत नाही.

पण रात्री दहाला उलटं होतं. माजघराची भिंत हाताला कोमट लागते आणि बाहेर हवा गार झालेली असते. हे कशामुळे?

लोडबेअरिंग | १८ मे, संध्याकाळी ५:४५

जाड भिंत ऊन अडवत नाही, उशिरा आत सोडते. दोन फुटी वीटकामातून उन्हाची उष्णता आत पोचायला बरेच तास लागतात. पोचते तेव्हा रात्र असते. म्हणून जुनी माणसं रात्री चौकाकडची दारं-खिडक्या सताड उघडी टाकत आणि सकाळी आठ-नऊला मिटून घेत. चौकातून गरम हवा वर निघून जाते, खालच्या ओसरीतून गार आत येते. आता डासांमुळे, चोरीच्या भीतीने रात्री सगळं बंद करतो आणि मग वाडा कोंदट म्हणतो. खिडक्यांना जाळ्या लावून घ्या, पहिला खर्च तो करा.

नवीन बांधकामात हेच साधायचं म्हणून ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली 'इको निवास संहिता' आणली. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये, अशी त्यात मर्यादा आहे. तुमचा बिल्डर चार इंची भिंत घालणार असेल तर त्याला हा आकडा विचारा. मी माझ्या कामात विचारतो. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही, रेटिंगचा बोर्ड मात्र गेटवर लागलेला असतो.

बाबांच्या_वतीने (चौकातलं_आकाश) | १९ मे, रात्री ९:००

बाबा सांगतायत, मी टाइप करतेय. त्यांचेच शब्द.

"अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं आणि १९६५ मध्ये कोयली सुरू झाली. सोव्हिएत मदतीने बांधलेली. मी लागलो तेव्हा जुने ऑपरेटर रशियन माणसांनी शिकवलेलं आम्हाला शिकवत. त्या नोकरीवर मी घर चालवलं, दोन मुली शिकवल्या. तेलाला मी शिव्या घालणार नाही.

पण क्रूड, म्हणजे जमिनीतून निघालेलं कच्चं तेल, काय असतं ते लोकांना माहीत नसतं. तापवलं की वरून हलकं निघतं, गॅस, पेट्रोल, मग केरोसीन, डिझेल. तळाला जड काळं उरतं. त्याचं डांबर करतात, नाहीतर कोकरमध्ये घालून आणखी तापवतात आणि उरलंसुरलं डिझेल त्यातून काढतात. शेवटी दगडासारखा काळा ऐवज राहतो, तो पेटकोक. आपल्या देशात त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सिमेंटची भट्टी. तिला १४५० अंश लागतात. पेटकोकमध्ये गंधक भरपूर. भट्टीतला चुना त्यातलं बरंचसं बांधून ठेवतो, म्हणून दिल्लीच्या आसपास २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पेटकोक जाळायला बंदी केली, तरी सिमेंटवाल्यांना पुढे सवलत मिळाली. कार्बन डायऑक्साइडला तिथे काही बांधत नाही. शिवाय चुनखडी फुटते तेव्हा दगडातूनच तो वायू निघतो. निम्म्याहून जास्त तर तोच. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो निघणारच.

पीव्हीसीचे पाइप, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, भिंतीचा प्लॅस्टिक पेंट, सगळं तेलाचंच. देशाला लागणाऱ्या क्रूडपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. मी एवढंच म्हणतो, गाडीच्या टाकीतलं तेल लोक मोजतात, घराच्या भिंतीतलंही मोजा."

पादराकर | २० मे, सकाळी ९:३०

काकांना नमस्कार. तेलाची आणखी एक बाजू लिहितो, तीही बडोद्याचीच.

बडोद्याच्या उत्तरेच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी धनोऱ्याहून एका बंद चॅनलमधून पादरा, जंबुसर तालुक्यांतून खंभातच्या आखाताकडे नेतात. १९८३ पासून. लांबी पंचावन्न किलोमीटरच्या वर, शेवट सारोदजवळ, महीच्या मुखाशी. कल्पना चांगली होती: नदीत सोडू नका, समुद्राशी नेऊन सोडा. पण पंचावन्न किलोमीटरच्या वाटेवर गावं आहेत, शेतं आहेत.

माझ्या मामांची विहीर त्याच भागात. मी लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्या विहिरीचं पाणी ओंजळीने प्यायचो. नव्वदच्या सुमारास पाणी पिवळसर झालं, मग तांबूस. घागरीच्या तळाला तेलकट थर. मामांनी दोन वर्षं अर्ज केले. कुठल्या कारखान्याचं, कुठून झिरपलं, हे त्यांना कधीच सिद्ध करता आलं नाही. विहीर बुजवली. मामी अजून त्या जागेला 'विहीर' म्हणते: 'विहिरीवर शेवगा लावलाय.'

पेट्रोलचा भाव वाढला की आपण बोलतो. या विहिरीचा भाव कुठल्याच पंपावर लिहिलेला नसतो.

जुनी_इंदूर | २० मे, रात्री ८:१५

इंदूरहून. आमच्याकडचं उदाहरण थोडं धीर देणारं आहे म्हणून सांगते. आमचं पिण्याचं पाणी नर्मदेचं, जलूदहून सत्तर किलोमीटर उपसून आणलेलं. आपण नळ उघडतो म्हणजे वीजच उघडतो. त्या उपशाचं बिल कमी करायला महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले, २४४ कोटींचे, जलूदला ६० मेगावॅट सोलरसाठी. सामान्य लोकांनीही पैसे लावले, मागणी जवळजवळ सहापट आली.

तुमच्या टाक्याबद्दल विचारायचं होतं. ते वापरात आहे का? नसेल तर आधी ते साफ करून घ्या. गच्चीवर पडलेलं पाणी घरातच राहिलं तर ते कुठून उपसावं लागत नाही.

चौकातलं_आकाश | २० मे, रात्री ९:०५

टाकं १९८२ पासून बंद होतं. तुमचं वाचून बाबांनी झाकण उघडलं. आत गाळ एक फूटभर, पण भिंतींचा चुना अजून गुळगुळीत आहे. गच्ची साधारण १४० चौरस मीटर, बडोद्याला पाऊस सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे वाया जाणारं धरूनही वर्षाला लाखभर लिटर. टाक्यात एका वेळी वीस हजार मावतील.

चुन्याची_घाणी | २२ मे, दुपारी १२:४०

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून. आमचं घर दगडाचं, पण चुन्याचं काम मी तीन वर्षं स्वतः गवंड्याबरोबर उभं राहून करून घेतलंय, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू नका आणि प्लॅस्टिक पेंट तर मुळीच नको. चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगातून सोडून देते. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, मग पोपडे धरतात आणि आपण म्हणतो जुनी भिंत खराब झाली. नव्याघरी ताई, तुमच्या दिवाळीच्या पोपड्यांचं कारण बहुतेक हेच असेल.

चुना साधारण ९०० अंशाला भाजतो, सिमेंटपेक्षा बराच कमी. आणि लावल्यावर वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून दगड होत जातो. सगळा नाही, पण बराचसा.

काम असं: कळीचा चुना (भाजलेला, पाणी न लागलेला) खड्ड्यात घालून पाणी सोडायचं. फसफसतो, वाफ येते, जवळ लहान मुलं नकोत, डोळ्याला जपा. मग वरती चार बोटं पाणी ठेवून निदान पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर विरू द्यायचा. त्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड. पाडकामातल्या फुटक्या विटा कुटून होते, विकत आणायची गरज नाही. आमचा गवंडी गुळाचं आणि भिजवलेल्या मेथीचं पाणी घालतो. थापीवर घेऊन थापी उलटी धरायची. खाली पडला नाही तर तयार.

आणि चुन्यातली वीट पुन्हा वापरता येते. करणीच्या पाठीने दोन ठोके दिले की चुना गळून पडतो, वीट अख्खी हातात. सिमेंटमधली वीट फुटते पण सुटत नाही.

अगाशीकर | २३ मे, रात्री १०:१०

सोलरबद्दल अनुभवाचं. जुन्या कडीपाटाच्या गच्चीवर पॅनेल घालायच्या आधी इंजिनियरला दाखवा. वजनापेक्षा वारा जास्त त्रास देतो, पॅनेल वर उचलायला बघतो. मागची बाजू नव्याने बांधणार असाल तर तिच्या स्लॅबवर बसवा. ३ किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट, सावली नसलेली जागा लागते. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे.

मला एका ठेकेदाराने पूर्ण पैसे आगाऊ घेऊन नेट मीटरसाठी (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर) पाच महिने ताटकळत ठेवलं. तोवर तयार होणाऱ्या विजेची मोजदादच नव्हती. शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावरच द्या, आणि हे करारात लिहून घ्या.

गच्चीच्या बाकी भागावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करा. आमच्या खालच्या खोलीचं छत आधी दुपारी हात लावू देत नव्हतं.

चौकातलं_आकाश | १४ डिसेंबर, रात्री ८:३०

बरेच जण व्यक्तिगत निरोपात विचारत होते म्हणून धागा वर काढते.

बिल्डरला नाही सांगितलं. सोपं नव्हतं. शेवटी चौघे भाऊ-बहिणी चौकात बसलो आणि लोडबेअरिंगांचा हिशेब मी मोठ्या कागदावर लिहून ठेवला होता. पुण्याचे दादा बँकेतले, त्यांनी प्रत्येक आकडा तपासला. २३० टन आणि वर्षाला दहा टन या दोन ओळींवर ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "माझा फ्लॅट तर मी बंदच ठेवणार होतो." त्यांनी आणि धाकट्याने हिस्सा राखलाय, पाडायचा आग्रह सोडलाय. अमेरिकेतल्या दादांचा हिस्सा आम्ही दोघी बहिणी हप्त्याहप्त्याने घेतोय. ते मनातून नाराज आहेत, फोनवर पूर्वीसारखे बोलत नाहीत. याचं मला दुःख आहे.

पुढचा वाडा तसाच. मागची १९७८ ची बाजू पाडली. तिथे फक्त तळमजला: आत्याची खोली, तिला लागूनच संडास-मोरी, उंबरठा नाही, धरायला कठडा. पलंगापासून सहा पावलं. नव्याघरी ताई, हे तुमच्यामुळे. सहाशे चौरस फुटांना सिमेंट लागलंच, २४० पोती. चार हजार पोतींच्या जागी. वर ३ किलोवॅट सोलर, नेट मीटर लागल्यावरच शेवटचा हप्ता दिला.

टाकं पावसाळ्यात काठोकाठ भरलं होतं. अजून कपडे-भांडी त्यावरच चालतात.

पुढच्या भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा खरवडायचं काम सुरू आहे. गवंडी डभोईचा मिळाला, साठीचा, चुन्याचं काम येणारा. वाड्यातली मोडकी अंतर्गत भिंत उतरवली तेव्हा मी शाळेतून आठवीची मुलं घेऊन आले होते. करणीचे दोन ठोके, चुना गळला, वीट सुटली. एकेकाने दहा-दहा विटा साफ केल्या, ११४० अख्ख्या निघाल्या आणि आत्याच्या खोलीत लागल्या. फुटक्यांची सुरखी करतोय.

चुना चौकाच्या कोपऱ्यात खड्ड्यात विरतोय, आज अठरावा दिवस. पाण्याची पातळी चार बोटं राहिली पाहिजे म्हणून आत्या रोज सकाळी तांब्या घेऊन जाते आणि बोटं बुडवून मोजते. थापी उलटी धरून बघायची परीक्षा पुढच्या रविवारी आहे. चुन्याची_घाणी, तुम्ही त्या दिवशी फोनवर असाल का?